ब्रिटन सोडल्यावर स्कोन, क्रम्पेट आणि मिन्स पाय कुठे मिळतील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेस्टर, लीड्स, लंडनला काही वर्षं काढून दुबईला, ॲम्स्टरडॅमला, टोरंटोला किंवा परत पुण्याला आलेल्या मराठी घरांतून हे प्रश्न येतात. तिथे असताना कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळणारा खाऊ इकडे आल्यावर आठवत राहतो, मुलं तर नाव घेऊन मागतात. माझं मत पहिल्यांदाच सांगते: जे टिकतं ते विकत घ्या आणि जे टिकत नाही ते घरी करा. खालची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

शोधायला सुरुवात कुठून करू?

आधी पदार्थ दोन गटांत वाटा. शॉर्टब्रेड, डायजेस्टिव्ह, जिंजर नट ही बिस्किटं आणि डंडी केक, ख्रिसमस पुडिंग, मिन्स पाय (सुक्या मेव्याचं सारण भरलेली छोटी पेस्ट्री), पार्किन (ओटचा आल्याचा केक) हे टिकणारे. यात लोणी, साखर आणि सुका मेवा भरपूर असतो, पाणी कमी असतं. डबाबंद आणले तर जगाच्या दुसऱ्या टोकालाही चांगले लागतात. स्कोन (छोटा, फुललेला, किंचित गोड पाव), क्रम्पेट (वर जाळी पडलेला तव्यावरचा मऊ पाव), वेल्श केक, चेल्सी बन हे दुसऱ्या गटातले. स्कोन ज्या दिवशी भाजला त्याच दिवशीचा. परदेशातल्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन आठवड्यांची तारीख असलेला स्कोन दिसला तर पैसे वाया घालवू नका. क्रम्पेट मात्र फ्रीझरमधून येत असतील तर घ्या, कारण ते तसेही टोस्ट करूनच खायचे असतात.

केक शिळा झाला की कडक होतो आणि बिस्किट शिळं झालं की मऊ पडतं, हे लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये १९९१ साली जाफा केकवर (बिस्किटाएवढा, संत्र्याची जेली आणि चॉकलेट असलेला खाऊ) कर लावायचा की नाही हा वाद न्यायाधिकरणापुढे गेला, तेव्हा याही मुद्द्याचा विचार झाला आणि जाफा केक हा केकच ठरला. घरात डबे लावताना हा नियम रोज उपयोगी पडतो: केक आणि बिस्किटं एका डब्यात ठेवली की केकातला ओलावा बिस्किटात जातो आणि दोन्ही बिघडतात.

कुठल्या देशात काय सहज मिळतं?

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका इथे फारशी शोधाशोध नाही. क्रम्पेट साध्या सुपरमार्केटमध्ये असतात, हॉट क्रॉस बन (क्रुसाची खूण असलेले गुड फ्रायडेचे गोड पाव) तर ऑस्ट्रेलियात नवं वर्ष लागलं की लगेच दुकानांत दिसू लागतात. गोल्डन सिरपही (साखरेचा सोनेरी पाक) तिथलंच बनलेलं मिळतं. संयुक्त अरब अमिरातीत स्पिनीज आणि वेटरोज ही दुकानं आहेत, त्यामुळे दुबई-अबू धाबीकरांची सोय उत्तम. हाँगकाँगला मार्क्स अँड स्पेन्सरची खाद्यपदार्थांची दुकानं आहेत. जिब्राल्टरला चक्क मॉरिसन्स हे ब्रिटिश सुपरमार्केट आहे, दक्षिण स्पेनमध्ये राहणारे ब्रिटिश लोक तिथे जाऊन गाडी भरून आणतात.

अमेरिकेत मोठ्या सुपरमार्केटमधल्या परदेशी मालाच्या रांगेत ब्रिटनचा एखादा कप्पा असतो. तिथे डायजेस्टिव्ह आणि गोल्डन सिरप मिळेल, ताजं काही मिळणार नाही. न्यू यॉर्कमध्ये असाल तर हडसन स्ट्रीटवरचं मायर्स ऑफ केझिक हे १९८५ पासूनचं दुकान पाहा.

युरोपात ब्रेक्झिटनंतर अडचण वाढली आहे. १ जानेवारी २०२१ पासून सीमेवर कागदपत्रं लागतात, त्यामुळे छोट्या ब्रिटिश दुकानांना माल आणणं महाग पडतं. अशी दुकानं अजून आहेत, पण किंमत पाहून खरेदी करा. बऱ्याचदा आयर्लंडमध्ये बनलेला तसाच माल स्वस्त पडतो, कारण आयर्लंड युरोपीय संघात आहे.

आमच्या गावात ब्रिटिश दुकानच नाही. मग?

मग जुने इंग्रज, वेल्श किंवा कॉर्निश लोक कुठे जाऊन राहिले ते बघा. ही मला सगळ्यात आवडणारी वाट आहे. दुकान आयात बंद झाली की रिकामं होतं, पण माणसांनी बरोबर नेलेला पदार्थ त्या गावाचा होऊन राहतो.

कॉर्नवॉलचे खाणकामगार १८२० च्या दशकात मेक्सिकोतल्या इदाल्गो प्रांतात चांदीच्या खाणींवर गेले. रेआल देल मोंते या गावात त्यांची पेस्टी (सारण भरून भाजलेली मोठी करंजी) आजही रस्तोरस्ती विकली जाते. तिथे तिला ‘पास्ते’ म्हणतात, आत मिरचीही असते, पण कडेला मुडपलेली ती दोरीसारखी किनार तशीच आहे. अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर भागात आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात मूंटा, कडीना, वॉलरू या तांब्याच्या गावांतही तेच. कॉर्निश पेस्टी या नावाला २०११ साली युरोपात भौगोलिक संरक्षण मिळालं, म्हणून या पेस्टींना तिकडे ते नाव लावता येणार नाही. चवीला त्याने काही फरक पडत नाही.

अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतात १८६५ साली मिमोसा जहाजाने वेल्श कुटुंबं उतरली. तिथल्या गायमान गावात आज वेल्श चहाघरं आहेत आणि चहाबरोबर काळा, सुक्या मेव्याने भरलेला केक मिळतो. दक्षिण अमेरिकेत नोकरीला असलेल्यांनी सुट्टी काढून जावं असं ते ठिकाण आहे.

आपल्या देशातही हेच झालं. केरळात तलश्शेरीला मम्बल्ली बापूंनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्याने दाखवलेल्या नमुन्यावरून ख्रिसमस केक भाजला अशी कथा सांगतात, आणि त्या घराण्याची बेकरी अजून चालते. कोलकात्याच्या न्यू मार्केटमधलं नाहूम्स १९०२ पासूनचं. तिथला फ्रूट केक डिसेंबरात रांगेत उभं राहून घ्यावा लागतो, आणि तसा घेण्यासारखा आहेही.

पुण्या-मुंबईत काय मिळतं? श्रूजबरी बिस्किटं मूळची तीच का?

पुण्याच्या कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी १९५५ पासून आहे. तिचं श्रूजबरी बिस्किट जाड, भुसभुशीत, लोण्याने भरलेलं. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात श्रूजबरी गाव आहे, तिथल्या नावाचं बिस्किट पातळ, गोल, लिंबाच्या सालीचा वास असलेलं आणि कधी बेदाणे घातलेलं असतं. दोन्ही समोरासमोर ठेवली तर बहिणी वाटणार नाहीत. पण शॉर्टब्रेडची आठवण येत असेल तर पुण्याचं श्रूजबरी ती भूक नक्की भागवतं. मी तर ब्रिटनला परत जाणाऱ्यांबरोबर हीच बिस्किटं पाठवते.

हॉट क्रॉस बन गुड फ्रायडेच्या आसपास मुंबईत वांद्र्याच्या आणि इतर ख्रिस्ती वस्त्यांच्या बेकऱ्यांत, पुण्यात कॅम्पात आणि गोव्यात मिळतात. आदल्या दिवशी सांगून ठेवा. ईस्टरला याच बेकऱ्यांत मार्झिपॅनही मिळतं. मुंबईकडे ते बदामाऐवजी काजूचं असतं, पण ईस्टरच्या सिमनेल केकवरचे अकरा गोळे करायला चालतं.

क्रम्पेट आणि स्कोन मोठ्या हॉटेलांच्या दुपारच्या चहात दिसतात. महाग असतात आणि स्कोन बहुधा गार मिळतो. यासाठी पुढचं वाचा.

सेल्फ-रेझिंग मैदा मिळत नाही. काय करू?

दीडशे ग्रॅम साध्या मैद्याला दोन छोटे चमचे बेकिंग पावडर घाला आणि तीनदा चाळा. चाळणं टाळू नका, नाहीतर स्कोनवर तपकिरी ठिपके येतात. नेदरलँड्समध्ये हा मैदा तयार मिळतो. जर्मनीत मिळणं कठीण, तिथे ४०५ क्रमांकाचा मैदा घ्या. अमेरिकेतल्या सेल्फ-रेझिंग मैद्यात मीठ आधीच घातलेलं असतं, म्हणून कृतीतलं मीठ गाळा. भारतातला आपला मैदा केक, बिस्किटांना छान चालतो.

गोल्डन सिरप आणि ब्लॅक ट्रीकलला पर्याय काय?

गोल्डन सिरप लंडनच्या प्लेस्टो भागात १८८० च्या दशकापासून बनतं. बाहेर मिळालं नाही तर घरी होतं: शंभर ग्रॅम साखर थोड्या पाण्यात मधाच्या रंगाची होईपर्यंत वितळवा, त्यात तीनशे मिलिलिटर उकळतं पाणी जपून ओता (उसळी मारतं, हात लांब ठेवा), मग पाचशे ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून पाऊण तास अगदी मंद आचेवर ठेवा. ढवळू नका. डेन्मार्क-स्वीडनमध्ये फिकट सिरप मिळतं ते जवळजवळ हेच असतं. मध मात्र वापरू नका, त्याचा स्वतःचा वास पुढे येतो.

ब्लॅक ट्रीकलसाठी महाराष्ट्रात राहणाऱ्यांना शोधायला लांब जायला नको. काकवी घ्या. ट्रीकल काकवीपेक्षा गडद आणि किंचित कडवट असतं, पण पार्किनमध्ये काकवी इतकी शोभते की मी आता ट्रीकल मागवत नाही. पार्किन हा यॉर्कशर-लँकाशरचा ओटचा आल्याचा केक, ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला खायचा. कोल्हापूरकडची गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे ताजी काकवी नेमकी वेळेवर हातात येते. ओट मिक्सरमध्ये दोनदा फिरवून जाडसर करा, आल्याऐवजी सुंठ सढळ हाताने घाला, आणि भाजल्यावर चार-पाच दिवस डब्यात बंद ठेवा. पहिल्या दिवशी तो कोरडा लागतो. पाचव्या दिवशी बोटाला चिकटतो, तेव्हा खरा पार्किन झाला.

जर्मनीत बिटाचं काळं सिरप मिळतं, तेही या कामाला उत्तम.

क्लॉटेड क्रीम कुठून आणायचं?

बाटलीबंद, बाहेरच टिकणारं क्लॉटेड क्रीम अमेरिकेत वगैरे मिळतं, पण त्यात ती भाजल्यासारखी चव उरत नाही. कॉर्निश क्लॉटेड क्रीममध्ये किमान ५५ टक्के स्निग्धांश असतो. भारतात पाकिटातून मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के असतो, त्यामुळे त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

खरा पर्याय म्हणजे साय. म्हशीचं पूर्ण स्निग्धांशाचं दूध जाड बुडाच्या पसरट पातेल्यात उकळी फुटेपर्यंत तापवा, मग अगदी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास न ढवळता ठेवा. गॅस बंद करून गार होऊ द्या आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी झाऱ्याने साय अखंड उचला, उरलेलं दूध निथळू द्या आणि घडी घालून वाटीत ठेवा. क्लॉटेड क्रीमही याच तत्त्वाने बनतं, फक्त तिथे दुधाऐवजी मलई तापवतात. साय थोडी कमी गोडसर लागते, इतकाच फरक.

युरोपात तुर्की किंवा बाल्कन दुकानात कायमाक मागा, आखातात ताजी किश्ता. दोन्ही याच कुळातल्या.

आणि स्कोनवर जॅम आधी की क्रीम? डेव्हनमध्ये क्रीम आधी, कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी. साय मऊ असल्यामुळे जॅम खाली आणि साय वर ठेवलेली बरी, नाहीतर जॅम घसरतो.

स्कोन घरी केले तर दगडासारखे होतात. कुठे चुकतं?

बहुतेक वेळा जास्त मळल्याने. पोळीची कणीक मळायची सवय असलेल्या हातांना इथे थांबणं जड जातं. सव्वादोनशे ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैदा, पंचावन्न ग्रॅम फ्रीजमधलं थंड लोणी, पंचवीस ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, तळवा लावू नका, उष्णतेने ते वितळतं. भारतातलं खारं लोणी वापरलं तर वेगळं मीठ नको. मग दीडशे मिलिलिटर दूध एकदम ओतून सुरीने कापल्यासारखं ढवळा. दुधाऐवजी अर्धं ताक घेतलं तर जास्त फुलतात. गोळा ओबडधोबड दिसला पाहिजे, गुळगुळीत झाला म्हणजे जास्त मळला गेला.

ओट्यावर हाताने अडीच सेंटिमीटर जाड थापा. लाटणं लागत नाही. कटर सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. पिळलात तर कड बंद होते आणि स्कोन एका बाजूला कलंडतो. कटर नसेल तर धारदार काठाची स्टीलची वाटी चालते, प्रत्येक वेळी मैद्यात बुडवायची. एकमेकांना चिकटून ताटात ठेवले की आजूबाजूला न पसरता वर चढतात. ओव्हन २२० अंशांवर पूर्ण तापल्यावरच आत घाला, बारा ते पंधरा मिनिटं. उरलेले त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका.

घरी ओव्हनच नाही. काही करता येईल का?

खूप काही. वेल्श केक तर मुळात तव्यावरचाच पदार्थ आहे, वेल्समध्ये त्यासाठी लोखंडी जाड तवा असतो. आपला बिडाचा तवा त्याची जागा पूर्ण घेतो. सव्वादोनशे ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैदा, त्याच्या निम्मं लोणी, पाऊण वाटीहून थोडी कमी साखर, मूठभर मनुके, जायफळ, आणि एक अंडं किंवा थोडं दूध. एक सेंटिमीटरहून थोडं कमी जाड लाटा, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं भाजा आणि गरम असतानाच साखरेत घोळवा.

क्रम्पेटचं पीठ यीस्टचं असतं, पण भाजण्याचं तंत्र आपल्या आंबोळीचं आहे: मंद आच, वर जाळी पडून ओलावा सुकेपर्यंत उलटायचं नाही. तासभर फुगल्यावर पिठात थोडा खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून घाला. आधी तव्यावरच्या रिंगेत एकच घालून पाहा. भोकं पडली नाहीत तर पीठ घट्ट आहे, दोन चमचे कोमट पाणी घाला. खालून गळत असेल तर मैदा घाला. रिंगा नसतील तर तशीच लहान धिरडी घाला, उत्तर इंग्लंडमध्ये त्यांना पाइकलेट म्हणतात आणि आवडीने खातात.

आम्ही अंडं खात नाही, काही जण गोमांस अजिबात चालवत नाहीत. काय तपासायचं?

मिन्स पायमधल्या मिन्समीटमध्ये आता मांस नसतं, पण सुएट म्हणजे गायीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असू शकते. ख्रिसमस पुडिंगमध्येही तेच. बरेच उत्पादक आता वनस्पती सुएट वापरतात, तरी पाकिटावर शाकाहारी लिहिलेलं आहे का ते प्रत्येक वेळी वाचा. घरी करताना सुएटऐवजी लोणी फ्रीझरमध्ये गोठवून किसा. लार्डी केक आणि पोर्क पायच्या आवरणात डुकराची चरबी असते.

अंड्याविना होणाऱ्यांत शॉर्टब्रेड पहिलं: वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग साखर. मैद्यातला थोडा भाग काढून तांदळाची पिठी किंवा बारीक रवा घातला तर छान खुसखुशीत होतं, आणि हे स्कॉटिश घरांतही करतात. साधे स्कोन, क्रम्पेट आणि घरचे एकल्स केकही (बेदाणे भरलेली चपटी पेस्ट्री) अंड्याविना होतात.

भारतात ख्रिसमस केक करायचा तर साहित्य कुठलं घेऊ?

करंट (अगदी बारीक काळे बेदाणे) मिळत नाहीत म्हणून अडू नका. काळे मनुके घ्या, बिया असतील तर काढा आणि बारीक चिरा. सुलतानासाठी सांगली-तासगावचा बेदाणा उत्तम आहे. टुटीफ्रुटी मात्र संत्र्याच्या सालीची जागा घेऊ शकत नाही, ती कच्च्या पपईची असते. संत्र्याची आणि लिंबाची साल तीनदा पाणी बदलून उकळा आणि साखरेच्या पाकात शिजवा. केकाला कडवट सुगंध लागतो तो इथूनच येतो.

मिक्स्ड स्पाइस घरच्या डब्यातून होतं: दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ, थोडे धणे, जायपत्री असल्यास. गरम मसाला चालत नाही, त्यात मिरी आणि जिरं असतं.

ब्रँडी नको असेल तर मेवा कडक चहात आणि संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवा. वेल्सचा बारा ब्रिथ हा केक चहात भिजवलेल्या मेव्याचाच असतो. दारू नसलेला केक मात्र महिनाभर ठेवू नका. आठवडाभरात संपवा किंवा फ्रीझ करा, विशेषतः मुंबई-कोकणाच्या दमट हवेत.

ब्रिटनहून येताना बॅगेत काय आणता येईल?

हातातल्या बॅगेत जॅम, गोल्डन सिरप, लेमन कर्ड, क्लॉटेड क्रीम, ब्रँडी बटर हे सगळं द्रव धरलं जातं, म्हणून मोठ्या बॅगेत टाका. ख्रिसमस पुडिंग घट्ट असल्याने तपासणीत बॅग उघडायला लावू शकतात, ते वरच्या बाजूला ठेवा.

ग्रेट ब्रिटनमधून युरोपीय संघात प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये डच सीमेवर ट्रकचालकांची हॅम सँडविचेस काढून घेतली होती. मांस नसलेला पाव, केक, बिस्किटं यांना सूट आहे. पोर्क पाय आणि क्रीम सोडून या, क्रीम भरलेले केकही टाळा. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा. सौदी आणि कुवेतमध्ये ब्रँडी घातलेला केक नेऊच नका.

नातेवाइकांनी पार्सल पाठवलं तर?

युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून बाहेरून मागवलेल्या कितीही स्वस्त वस्तूवर व्हॅट लागतो. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट सुटते, पण पार्सलवर तसं स्पष्ट लिहायला हवं आणि आतल्या वस्तूंची नावंही. ‘खाऊ’ एवढंच लिहिलं तर अडकतं. शॉर्टब्रेड डब्यातूनच पाठवायला सांगा, पाकिटातला चुरा होऊन येतो.

जुन्या इंग्रजी कृतीत ‘गॅस मार्क’ असतो. तो किती?

गॅस मार्क ४ म्हणजे १८० अंश सेल्सियस, ६ म्हणजे २००, ७ म्हणजे २२०. पंख्याचा ओव्हन असेल तर वीस अंश कमी. औंस दिला असेल तर २८ ग्रॅम धरा. ऑस्ट्रेलियन पुस्तकातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो, ब्रिटिश १५ चा. बेकिंग पावडर मोजताना हा फरक जाणवतो.